दातांच्या अक्षरापर्यंत

माझ्या धाकट्याने, बुन्मीने, चीवर घेतलं ते वर्ष आमच्या थायलंडच्या मोजणीने बुद्धाचं पंचवीसशे बासष्टावं. त्या वर्षाचं कोणी विचारलं की मी मिरवणुकीचं सांगते. भुवयांसकट मुंडण केलेला बुन्मी पांढऱ्या वस्त्रात चुलत्याच्या खांद्यावर बसलेला, देवळाभोवती तीन फेऱ्या, पुढे ढोल आणि नाचणाऱ्या बायका, आणि त्याच्या डोक्यावर लांब दांड्याची पिवळी छत्री धरून चालणारा उंच, घामाने निथळणारा फरांग, म्हणजे गोरा परदेशी, आमचा भाडेकरू एवाल्ड. मी दोन्ही हातांवर चीवर घेऊन चालत होते. मुलगा भिक्षू होतो त्याचं पुण्य आईला लागतं असं आमच्याकडे मानतात. त्या सकाळी माझ्याजवळ जेवढं पुण्य होतं तेवढं जन्मात कधी नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच टिकलं, हे मात्र मी कुणाला सांगत नाही. सहा वर्षं सांगितलं नाही, आणि न सांगायची सवय झाली की गोष्ट झोपते, कूस बदलत नाही, असं मला वाटू लागलं होतं. मग गेल्या सोमवारी बँकेतल्या मुलीने माझ्यापुढे शाईचं पॅड सरकवलं.

मी आता खोन केन शहरात मुलीकडे, रत्रीकडे, राहते. वृद्धांना सरकार महिन्याला जे थोडं देतं ते बँकेत येतं. पासबुक भरलं होतं, नवीन घ्यायचं होतं, म्हणून नंबराचा कागद घेऊन बसले होते. शेजारच्या खिडकीवर एक फरांग उभा होता, साठीचा, कोपरं लाल, हातात प्लास्टिकची फाइल. त्याला खातं उघडायचं होतं. पत्त्याचा दाखला जुना झाला होता, नवा आणा म्हणत होते. तो आपल्या भाषेत बोलत होता, पण आवाज चढत गेला की अर्थ कळायला भाषा लागत नाही. काउंटरवरचा पोरगा हसत होता. आमची माणसं घाबरली, लाजली, अडचणीत आली की हसतात. ते हसू बघून तो आणखी चिडत होता. बरोबर त्याची बायको होती, आमच्याच भागातली दिसत होती. नवऱ्याने टेबलावर हात आपटला तेव्हा ती त्या पोराला हळूच म्हणाली, “ते म्हणतायत, तुम्हाला फार त्रास दिला, माफ करा.” पोरगा म्हणाला, “नाही नाही, त्रास कसला, ताई.” फरांगने तिला विचारलं असणार की हा काय म्हणाला, तिने काहीतरी तिसरंच सांगितलं आणि तो जरा शांत झाला. मला हसू आलं. दोघांच्या मधे उभी राहून ती दोघांचीही लाज झाकत होती. तेवढ्यात माझा नंबर लागला. मुलगी चांगली होती, माझ्या नातीएवढी. तिने माझे हात बघितले, खोंग नदीच्या, म्हणजे मेकाँगच्या, काठावर साठ वर्षं तंबाखू लावलेले हात, आणि प्रेमाने म्हणाली, “आजी, लिहायचा त्रास नको. इथं अंगठा उमटवा.” मला सही येते. चार वर्षं झाली. पण पेन तिच्या बाजूला होतं आणि पॅड माझ्या बाजूला, आणि माझा अंगठा माझ्या आधी उचलला गेला. बाहेर येऊन मी बाकावर बसले. अंगठ्यावरची निळी शाई पुसायला तिने कागद दिला होता तो हातातच राहिला. माझ्या तोंडाला एक चव आली, जुनी, पितळ चाटल्यासारखी. ती चव मला ओळखीची होती. ती सहा वर्षांपूर्वी इमिग्रेशनच्या कचेरीतल्या काउंटरवर पहिल्यांदा आली होती.

एवाल्ड आमच्याकडे आला त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. डेन्मार्कचा, लाकूडकाम करणारा, बायको वारलेली. गावात त्याला सगळे एवान काका म्हणायचे, कारण शेवटची अक्षरं कुणाच्या जिभेला वळेनात. नदीकडच्या बाजूला आमची दोन खोल्यांची जुनी जागा होती, ती मी त्याला दिली. त्याने आल्या आल्या काय केलं, तर जिन्याला कठडा बसवला. मागितला नव्हता. मी पायऱ्या उतरताना गुडघ्यावर हात ठेवते एवढं त्याने पाहिलं होतं. सागाच्या जुन्या फळीचा कठडा, इतका घासलेला की हात ठेवला तर ओला वाटावा. आणि मग एका सकाळी तो पहिलीच्या मुलांचं पुस्तक घेऊन माझ्या ओसरीवर आला. कोंबडीचं अक्षर, अंड्याचं अक्षर, म्हशीचं, सापाचं, अशी चित्रं असलेलं. म्हणाला, “मला वाचायला शिकायचं आहे. तुम्ही माझ्या बाई व्हाल का?” शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात तसं, बाई. मला जन्मात कोणी तसं म्हटलं नव्हतं. मी नऊ भावंडांतली थोरली, शाळेच्या वयात माझ्या कमरेवर कायम कुणीतरी होतं. गावाला ते ठाऊक होतं आणि गाव त्याबद्दल बोलत नव्हतं. आमच्याकडे दुसऱ्याच्या उण्यावर बोट ठेवत नाहीत, त्याच्या अवतीभवती वाट काढून जातात. मी फक्त ‘मला येत नाही’ एवढं म्हणायचं होतं. चार शब्द सुद्धा नव्हेत. मी म्हटलं, “बसा.”

आणि ते जमलंही. त्याला अक्षरं ओळखता यायची, आवाज यायचे नाहीत; माझं उलटं. तो पुस्तकात बघून म्हणायचा, मी ऐकून सांगायचे, “वर न्या आवाज. आता खाली सोडा. हां, तोच शब्द असा म्हणालात तर ‘ये’ झालं, तसा म्हणालात तर घोडा झाला.” तो वहीत खुणा करायचा. शेजारची पिसमाई कुंपणावरून ओरडायची, “अगं बुआलाई, शाळा सुटली की नाही? मास्तरणीला भात शिजवायचाय का आज?” तिला माहीत होतं. तिच्या डोळ्यांत ते नाचायचं, पण त्याच्यासमोर तिने कधी तोंडातून काढलं नाही, उलट एकदा त्याला म्हणाली, “नशीबवान हो काका, आमच्या बुआलाईसारखं वाचणारं गावात कोणी नाही.” आणि घरात जाऊन पोट धरून हसली असणार. मीही हसले. खोटेपणा असा हसत हसत घरात येतो, चप्पल बाहेर काढून, पाय धुऊन. एकदाच तो म्हणाला, “आज तुम्ही वाचा, बाई. मी ऐकतो.” मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या डोक्यावर होता. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं आणि म्हणाला, “खरंय, उजेडही कमी आहे.” सकाळचे दहा वाजले होते, उन्हात नदी चमकत होती. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवून ते दोनदा म्हणायला लागला. माझ्यासाठी नव्हे, त्याच्या सरावासाठी, असं म्हणाला. मी त्याचं जाड, एक नख चेपलेलं बोट बघत राहायचे आणि त्या बोटाच्या टोकाशी कोंबडी, अंडं, म्हैस एकेक करून उभी राहायला लागली. हे मी कुणाला सांगितलं नाही. वाचता येत नाही हेही लपवलं आणि यायला लागलंय हेही.

फरांग लोकांच्या कागदांचं मला तेव्हा एवढंच कळत होतं की ते संपत नाहीत. दर तीन महिन्यांनी ‘मी इथेच आहे’ असं कळवायचं. वर्षातून एकदा राहायची मुदत वाढवून घ्यायची, त्यासाठी बँकेत ठरलेली रक्कम महिनोन् महिने हात न लावता ठेवायची आणि बँकेचं पत्र अगदी ताजं, त्याच दिवसाचं न्यायचं. घराचा नकाशा हाताने काढून द्यायचा. एवाल्ड तो नकाशा घर बांधायचा असल्यासारखा काढायचा, देऊळ, चिंचेचं झाड, नूडल्सची गाडी, मोजून मापून, पट्टी धरून. आणि एक कागद असा होता जो त्याने नव्हे, मी द्यायचा होता. फरांग परदेशी जाऊन परत आला की घरमालकाने एका दिवसात कचेरीला कळवायचं, की हा माणूस माझ्या घरी झोपला आहे. पूर्वी कोणी विचारत नव्हतं, त्या वर्षी विचारायला लागले. एवाल्ड त्या काळात तीन वेळा बाहेर गेला. दोनदा लाओसला, एकदा बहिणीला भेटायला त्याच्या देशात. दर वेळी आला की फॉर्म पूर्ण भरून, पाकिटावर कचेरीचा पत्ता लिहून, तिकीट लावून माझ्या हातात ठेवायचा. “बाई, फक्त खाली सही करायची. आणि पोस्टात टाकायचं.” दोन्ही हातांनी द्यायचा. मी दोन्ही हातांनी घ्यायचे आणि म्हणायचे, “हो, टाकते.” सही. अंगठा उमटवला असता तर चाललं असतं की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला? बुन्मीला विचारलं असतं तर तो त्याच्यासमोरच म्हणाला असता, “काका, आईला कुठे लिहिता येतंय.” साधा पोरगा, त्याच्या पोटात काही राहत नाही. मी पाकीट बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. पत्र्याचा निळा डबा, वर घोडागाडीचं चित्र. मग दुसरं पाकीट त्याच्यावर. मग तिसरं. दर वेळी डब्याचं झाकण बसताना जो आवाज व्हायचा तो मला आता झोपेतही ओळखू येईल.

त्याची मुदत त्या वर्षी बुन्मीच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. तो आठवडाभर आधीच जाणार होता, तसा तो नेहमी वेळेच्या आधी पोचणारा. मीच म्हटलं, “आता घरात एवढी गडबड, सगळे पाहुणे. छत्री कोण धरणार? कार्य होऊन जाऊ दे, मग आपण दोघं जाऊ. मलाही तिकडून सामान आणायचंय.” त्याला फार बरं वाटलं. छत्री धरायचा मान कुणालाही देत नाहीत. म्हणाला, “शेवटच्या दिवशी गेलं तरी चालतं. सगळं तयार आहे.” सगळं तयार होतं, खरंच, त्याच्या बाजूचं सगळं.

सकाळी बँकेत जाऊन त्याने पत्र घेतलं आणि आम्ही कचेरीत गेलो. बाहेर झेरॉक्सचं दुकान, तिथली सायफोन दहा वर्षं फरांगांचे कागद करून त्यांच्यापेक्षा त्यांना जास्त ओळखायची. “या काका. आज आजींनाही आणलंत?” म्हणाली. “प्रत्येक पानावर सही करा, काका, कोऱ्या पानावरसुद्धा केलीत तरी हे लोक नाही म्हणणार नाहीत.” एवाल्ड हसला. तो ओळीने सह्या करत गेला, वळणदार, न थांबता, एकेक पान माझ्या समोरून सरकत गेलं. आत दोन तास बसलो. थंड हवा होती, गुडघे दुखायला लागले. भिंतीला लागून एक म्हातारा फरांग तोंड उघडं टाकून झोपला होता, त्याच्या मांडीवरची फाइल घसरली ती एवाल्डने उचलून परत ठेवली. मग त्याला बोलावलं. मी बसूनच होते. मला त्याची पाठ दिसत होती, पांढरा इस्त्रीचा शर्ट, कालच्या मिरवणुकीत मानेवर झालेला लाल पट्टा. पाठीवरून कळतं. ती आधी ताठ होती, मग पुढे वाकली, मग तो वळला आणि त्याने मला हात केला.

काउंटरमागे एक तरुण अधिकारीण होती, केस घट्ट मागे बांधलेले. वाईट नव्हती. तेही मी सहा वर्षं स्वतःला सांगून पाहिलंय, की ती वाईट होती; पण नव्हती. मला तिने आधी हात जोडले. “आजी, घराच्या मालकीण तुम्ही ना? हे काका तीन वेळा बाहेर जाऊन आले. एकदाही आमच्याकडे कळवलेलं नाही. ते म्हणतात, फॉर्म भरून तुमच्याकडे दिला होता.” ती आवाज उतरवून म्हणाली, “राहून गेलं असेल तर तसं सांगा. म्हाताऱ्या माणसांकडून राहतं. थोडा दंड आहे, तो भरा, इथं सही करा, मी काकांचं काम आत्ताच करते. त्यांची मुदत आज संपते.” आणि तिने एक कागद माझ्यासमोर ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं. काळं पेन, टोकाला स्प्रिंग बांधलेली, चोरीला जाऊ नये म्हणून. मी त्या स्प्रिंगकडे बघत होते. सगळं माझ्या हातात होतं, मी ते त्या क्षणी ओळखलं होतं, नंतर नव्हे. दंड किती, तर बुन्मीच्या कार्यात आलेल्या केळ्यांच्या खर्चाएवढाही नाही. ‘राहून गेलं’ म्हणायचं आणि पेन उचलायचं. पण पेन उचललं की पुढे काय? तो माझ्या उजव्या हाताला उभा होता, माझा विद्यार्थी, तीन वर्षं मला बाई म्हणणारा, आणि मी त्याच्यासमोर ते पेन मुठीत धरणार होते, लहान मूल काठी धरतं तसं. अंगठा चालेल का, एवढं विचारलं असतं तरी झालं असतं. त्या खोलीत वीस माणसं होती. मी म्हटलं, “मला त्याने काही दिलं नाही.”

ते वाक्य इतक्या सहज आलं. आवाजही कापला नाही. अधिकारीण एवाल्डकडे वळली, “काका, हे काय? तुम्ही म्हणालात तीन वेळा दिला.” मी त्याच्याकडे बघितलं नाही. मला त्याचा हात दिसत होता. हातात घराचा नकाशा होता, चिंचेच्या झाडावर त्याचं चेपलेलं नख. त्या हाताने नकाशा दुमडला. मग तो आमच्या भाषेत, अगदी हळू, म्हणाला, “माझं चुकलं. मी विसरलो. बाईंना काही माहीत नव्हतं.” ती म्हणाली, “पण आत्ता तर तुम्ही...” तो म्हणाला, “माझी थाई कच्ची आहे. मला काय म्हणायचं होतं ते नीट सांगता आलं नाही.” हे बोलताना त्याचा एकही सूर चुकला नाही. वर न्यायचा तो वर नेला, खाली सोडायचा तो खाली सोडला. आणि त्याने त्या पोरीला हात जोडले, बोटं नाकाशी येतील इतके वर, आपल्याहून मोठ्यांना जोडतात तसे. मला वाटलं होतं तो ओरडेल. देवाशपथ, मला वाटलं होतं, आणि मनात कुठेतरी मी त्याची वाट पाहत होते. फरांग ओरडतात. तो ओरडला असता तर मी हसले असते, सगळे हसले असते, आणि ओरडणाऱ्याची चूक असते हे आमच्याकडे ठरलेलंच आहे. तो ओरडला नाही. तो आमच्यातला झाला होता, आणि मला कळलं नव्हतं.

मालकिणीकडून राहिलं तर दंड. पण फरांगनेच लपवलं आणि वर वेगळं सांगितलं तर अर्ज घेता येत नाही, असं तिने समजावलं. तिलाही वाईट वाटत होतं. आज संध्याकाळपर्यंत पुलापलीकडे लाओसला जा, तिथून थोड्या दिवसांचा नवा व्हिसा घेऊन या, मग पहिल्यापासून सगळं, बँकेचं पत्रसुद्धा. बाहेर आल्यावर सायफोनने विचारलं, “झालं काका?” तो म्हणाला, “थोडं राहिलं.” आम्ही पुलापर्यंत तीनचाकीतून गेलो. त्याच्याकडे कपड्यांची पिशवीही नव्हती. वाटेत मी खरं सांगायला हवं होतं. रस्ता एवढा लांब होता, दोन सिग्नल लागले, एका ठिकाणी कणसं विकणारी मध्ये आली, मला तोंड उघडायला वेळच वेळ होता. उतरताना तो म्हणाला, “बाई, मिरचीच्या रोपांना पाणी घाला. आणि कठड्याचा खालचा खिळा वर आलाय, तिथे हात जपून ठेवा.” मी म्हटलं, “हो, घालते.” जसं म्हणाले होते, हो, टाकते.

घरी पाहुणे होते, उरलेलं जेवण होतं. पिसमाईने विचारलं, “काका कुठेत?” मी म्हटलं, “कागदाचं काही निघालं, लाओसला गेलेत.” ती म्हणाली, “या फरांगांचं एक धड नसतं बाई. एवढा शिकलेला, पण बघ.” मी म्हटलं, “हो ना.” हे दुसरं. काउंटरवरचं एक वेळ भीतीपोटी गेलं असं म्हणता येईल; हे ओट्यावर बसून, चिकट भाताचा गोळा आंबवलेल्या माशात बुडवत म्हटलं. दोन दिवसांनी उपोसथाला, व्रताच्या दिवशी, देवळात गेले. नवा भिक्षू बुन्मी ओळीत शेवटी बसला होता, सोललेल्या अंड्यासारखं डोकं, आईकडे बघायचं नाही म्हणून हातातल्या पंख्याआड तोंड. आम्ही पंचशील म्हटलं. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या वचनाला, माझे ओठ हलले, आवाज निघाला नाही. माझ्या मुलाने मला पुण्य द्यायला डोक्यावरचे केस उतरवले होते आणि मी त्याच्यासमोर मासळीसारखी नुसती तोंडाची उघडझाप करत होते.

तो तीन आठवड्यांनी आला. वजन कमी झालं होतं. ओसरीच्या पहिल्या पायरीवर उभा राहून म्हणाला, की शहरात एका मोठ्या इमारतीत खोली मिळाली आहे, तिथला व्यवस्थापक असले कागद स्वतःच करतो, म्हणजे बाईंना त्रास नको. त्रास नको. मी जा म्हटलं नाही आणि राहा म्हटलं नाही. ‘बसा’ एवढंही म्हटलं नाही, जे पहिल्या दिवशी इतक्या पटकन म्हटलं होतं. त्याने सामान बांधलं, हत्यारांची पेटी, पुस्तकं. वर आलेला खिळा ठोकून गेला. नंतर कधी सणाला देवळात दिसायचा, लांबून हात जोडायचा. मीही जोडायचे. त्याच्या डोळ्यांत मी राग शोधायचे. राग असता तर मला धरायला काही मिळालं असतं.

तो वारल्यावर काही महिन्यांनी त्या इमारतीचा व्यवस्थापक पत्ता शोधत गावी आला. त्याच्या हातात पिशवी होती, पिशवीत पहिलीचं पुस्तक. “मागे लिहून ठेवलं होतं, हे बाईंना द्यावं,” म्हणाला. “बाई म्हणजे तुम्हीच ना? शिक्षिका होता तुम्ही?” मी पुस्तक घेतलं. मी तेव्हा रत्रीकडे जायच्या तयारीत होते, ते पुस्तक मी इकडे घेऊन आले आणि एक दिवस स्वयंपाकघरात तिच्यापुढे टाकलं. म्हटलं, “मला शिकव.” ती भाजी चिरत होती. “आई, आत्ता? सत्तर वर्षं काय केलंस?” मी म्हटलं, “लपवलं.” ती हसली, तिला वाटलं मी गंमत करते. तिने पुस्तक उघडलं आणि जरा थांबली. “इथे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय. प्रत्येक अक्षराखाली.” काय लिहिलंय, मी विचारलं. ती वाचत गेली. कोंबडीखाली, ‘बाई, बारा मार्च’. अंड्याखाली, ‘बाई, चौदा मार्च’. म्हशीखाली, ‘बाई, वीस मार्च, दोनदा’. तो स्वतः कधी काय शिकला याची नोंद नव्हती ती. मी कोणतं अक्षर कधी ओळखलं त्याची होती. मी त्याचं बोट बघत होते तेव्हा तो माझे डोळे बघत होता.

चष्म्याच्या दिवसापासून त्याला माहीत होतं. मग पाकिटं माझ्या हातात का देत राहिला? यावर मी इतकी वर्षं विचार केला आहे. आमच्यातला कुणी असता तर त्याने ओळखलं असतं आणि गुपचूप बुन्मीकडून किंवा सायफोनकडून काम करून घेतलं असतं, मला कळूसुद्धा दिलं नसतं. तो आमची रीत अर्धीच शिकला होता. दुसऱ्याची लाज झाकायची हे त्याला आलं, झाकून स्वतःचं काम कसं काढायचं ते आलं नाही. दुसऱ्याकडे कागद दिला तर बाईंना कळेल की मला कळलंय, म्हणून तो दर वेळी पाकीट दोन्ही हातांनी माझ्याकडेच देत राहिला, बहुधा या आशेवर की तोवर मी माझ्या नावापर्यंत पोचेन. आमच्या भाषेत चव्वेचाळीस अक्षरं आहेत. पेन्सिलीच्या खुणा एकतिसाव्यापर्यंत आहेत, दातांच्या चित्राच्या अक्षरापर्यंत. खाली तारीख, बुन्मीच्या मिरवणुकीच्या चार दिवस आधीची. बुआलाई लिहायला झाडाचं पान लागतं, अंगठी लागते, पेटी लागते, माकड लागतं. पान आमचं झालं होतं. अंगठी, पेटी आणि माकड दातांच्या पुढे आहेत. त्या काउंटरवर मी पेन उचललं असतं तर एक पान काढून थांबले असते. तो शेजारीच उभा होता. उरलेलं त्याने सांगितलं असतं, हळू, कानाशी, असं मला आता वाटतं, आणि तेच सगळ्यात जास्त टोचतं.

मंगळवारी मी पुन्हा बँकेत गेले. तीच मुलगी होती. मी म्हटलं, मला अंगठ्याऐवजी सही करायची आहे. ती म्हणाली, “आजी, आमच्याकडे तुमचा अंगठाच नोंदलाय, सही जुळणार नाही. बदलायचं तर हा फॉर्म वाचून भरावा लागेल. मी भरून देऊ?” मी म्हटलं, “नको.” मी फॉर्म वाचला. बोट ठेवून, एकेक ओळ. दातांच्या पुढची अक्षरं मला अजून जड जातात, तिथे थांबावं लागतं. मागे लोक उभे राहिले, कुणीतरी खाकरलं, कुणीतरी पुटपुटलं की आजी सकाळपर्यंत संपवतील. एरवी मी लगेच उठले असते, दुसऱ्याला ताटकळत ठेवणं मला जमत नाही. मी उठले नाही. मग सही केली. पान, अंगठी, पेटी, माकड. माकडाची शेपटी जरा लांब गेली. मुलीने ती बघितली, हसली, म्हणाली, “छान आहे हो. कुणी शिकवलं?” तिने सहज विचारलं होतं. रत्रीने म्हणून मी निघून येऊ शकत होते, आणि ते निम्मं खरंही झालं असतं. मी म्हटलं, “माझ्या भाडेकरूने. फरांग होता. त्याने मला कागदही दिले होते, तीन वेळा. कचेरीत विचारलं तेव्हा मी म्हटलं, त्याने दिले नाहीत. त्याने दिले होते.” मुलीला काही कळलं नाही. ती थोडी घाबरली आणि म्हणून हसली, आणि म्हणाली, “बरं आजी.” मागचा माणूस पुढे आला. तिन्ही पाकिटं माझ्या पिशवीत होती, तिकीट लावलेली, मी ती बाहेर काढली नाही. कुणाला द्यायची?

एवाल्ड, माझा भाडेकरू, पंचवीसशे चौसष्ट साली, भिक्षूंचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, शहरातल्या त्या इमारतीत आपल्या खोलीत वारला. बरोबर कोणी नव्हतं. त्याच्या पत्त्याचे कागद वेळेवर भरलेले होते.